स्वेटरमधला घाम

आयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा आम्ही 'स्वेटर' असं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलेना. मग प्रश्न आला, "सर, सार्त्र ना?" जन्मभर तत्त्वज्ञान शिकवल्याचा हा परिणाम. आम्ही म्हटलं, नाही हो, स्वेटर. थंडीत अंगात घालतो तो.

'अंगात घालतो' हे सहज बोलून गेलो, पण फोन ठेवल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं. मराठी माणूस वस्त्रांच्या बाबतीत क्रियापदं फार जपून वापरतो. धोतर नि लुगडं नेसायचं, पागोटं बांधायचं, उपरणं खांद्यावर टाकायचं, सदरा घालायचा. आता आपल्याकडच्या थंडीच्या वस्तू आठवून बघा. घोंगडी, कांबळं, धाबळी, शाल, पासोडी, गोधडी, वाकळ. जवळजवळ सगळ्या पांघरायच्या! कापूस भरलेली बंडी होती, डगला होता, नाही असं नाही. पण लोकर म्हटली की ती अंगावर घ्यायची वस्तू, अंगात घालायची नव्हे. याला कारण आहे. दख्खनच्या मेंढीची लोकर भरड आणि राठ. धनगरांनी ती कातरायची, सणगरांनी मागावर घोंगडी विणायची, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. ही घोंगडी पाऊस झेलते, थंडी अडवते, शेतात अंथरता येते. पण तिचा सदरा करून घाला म्हटलं तर मानेला संध्याकाळपर्यंत पुरळ उठेल.

म्हणजे स्वेटर आपल्याकडे आला तो बाहेरून. लोकर बाहेरची, कानपूरच्या आणि पंजाबातल्या धारीवालच्या गिरण्यांतली, नाहीतर विलायती. सुया बाहेरच्या. कसब आलं ते मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बायकांकडून. आणि नावही बाहेरचं. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी कोशात हा शब्द शोधायला जाऊ नका. या कपड्याचं ते नाव तेव्हा खुद्द इंग्रजीतही रुळलेलं नव्हतं.

या नावाची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण आजचं आमचं म्हणणं तिच्यातच आहे. इंग्रजीत 'स्वेट' म्हणजे घाम, हे आपल्याला माहीत असतं आणि तरी स्वेटर म्हणताना आठवत नाही. एकोणिसाव्या शतकात शर्यतीच्या घोड्यांना आणि खेळाडूंना घाम काढून वजन उतरवण्यासाठी जाड कपडे चढवून पळवत. त्या कपड्यांना स्वेटर म्हणू लागले. पुढे नावा वल्हवणारे विद्यार्थी जाड लोकरीचा अंगरखा घालू लागले, आणि शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत तो शब्द त्या अंगरख्याला चिकटला. म्हणजे ऊब हा त्याचा मूळ हेतूच नव्हता. घाम काढणारा, तो स्वेटर.

पण त्याच काळात लंडनमध्ये त्याच शब्दाचा दुसरा एक अर्थ चालू होता. शिंप्यांच्या धंद्यात दुकानदार आणि कारागीर यांच्या मधला जो मुकादम, त्याला स्वेटर म्हणत. दुकानातून काम घ्यायचं, आपला हिस्सा कापायचा आणि उरलेल्या दिडक्यांवर आपल्या कोंदट खोलीत दहा-बारा माणसं रात्रंदिवस राबवायची, हा त्याचा व्यवसाय. इतरांचा घाम काढणारा तो स्वेटर. चार्ल्स किंग्जली या धर्मोपदेशकाने १८५० मध्ये या प्रकारावर एक जळजळीत पुस्तिका लिहिली. तिच्यातली एक बाब आम्ही कधी विसरू शकलो नाही. त्या खोल्यांत पांघरूण नसे, म्हणून शिवायला आणलेले बड्या लोकांचे कोट आजारी मुलांच्या अंगावर घातले जात. आणि मग त्या मुलांचा देवीचा रोग कोटाबरोबर बंगल्यावर पोचे. पुढे १८८८ मध्ये ब्रिटिश उमरावांच्या सभागृहाने या पद्धतीच्या चौकशीसाठी समिती नेमली, १८९० मध्ये अहवाल आला. गंमत बघा, नाव वल्हवणारा तरुण अभिमानाने स्वेटर घालून फिरत होता आणि त्याच देशाच्या सभागृहात 'स्वेटर' नावाच्या माणसाची चौकशी चालू होती. कपड्याचा अर्थ टिकला. माणसाचा अर्थ हळूहळू पुसला गेला.

कार्डिगनचं नाव कुठून आलं हेही लगे हात सांगून टाकतो. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा इथे इंग्रज घोडदळ तोफांच्या तोंडी गेलं. ते ज्याने नेलं तो लॉर्ड कार्डिगन. आपण जिला माकडटोपी म्हणतो तिला इंग्रजीत बालाक्लाव्हा म्हणतात. आणि विणणाऱ्या बायकांना रॅग्लन बाही ठाऊक असेल, तर लॉर्ड रॅग्लन त्या फौजेचा सेनापती. गारठलेल्या एका मोहिमेतून तीन नावं कपाटात आली. लढाई कशासाठी होती हे कोणाला विचारा, सांगता येणार नाही.

तर असा हा घामाने भरलेला शब्द मराठीत आला, आणि येताना घाम तिकडेच ठेवून आला. आपल्याकडे घाम गाळतात, घाम फुटतो, निढळाच्या घामाची भाकरी असते. पण स्वेटरचा त्याच्याशी काही संबंध नाही. नाशिकला आमच्या लहानपणी कोणी 'तो स्वेटर' म्हणे, कोणी 'ते स्वेटर', आमच्या आजीचा 'सेटर' असे. आजीला त्याची अडचण वेगळीच होती. लोकर सोवळ्याला चालते. ती स्वतः धाबळी नेसून देवघरात जायची. मग लोकरीचा स्वेटर सोवळ्यात धरावा की नाही? आम्ही हा प्रश्न तिला मोठ्या हुशारीने घातला होता. ती म्हणाली, "शाळेत जाऊन मातीत लोळून आलेला सेटर कसला रे सोवळ्यात?" न्याय शिकायला आम्ही पुढे पुण्याला गेलो, पण पहिला धडा हा.

न्यायावरून आठवलं. न्याय-वैशेषिकांचं कारणाचं ठरलेलं उदाहरण म्हणजे तंतू आणि पट. तंतू हे वस्त्राचं समवायी कारण, तंतूंचा संयोग असमवायी, विणकर आणि त्याची साधनं निमित्त. वर्गात हे शिकवताना आमच्या डोळ्यांपुढे कायम स्वेटर येई, आणि घोटाळा होई. कारण स्वेटरमध्ये तंतू अनेक नसतातच! एकच धागा स्वतःलाच अडकत जातो. मराठीत मागावरचं तेही विणणं आणि सुयांवरचं हेही विणणं, म्हणून हा फरक झाकला जातो. मागावरचं कापड फाडाल तर चिंध्या होतील. स्वेटरचं टोक सापडलं तर सबंध स्वेटर उसवून पुन्हा धागा हातात येतो, होता तेवढाच.

आणि तो उसवला जायचा. आमच्या घरी दर दोन-तीन वर्षांनी. थोरल्या भावाच्या कोपराला भोक पडलं की आई स्वेटर उसवायला घेई. आम्ही दोन हात समोर धरून बसायचं, ती हातांभोवती लोकर गुंडाळून लडी करायची. धागा सगळा कुरळा झालेला. लडी धुवायची, खाली वजन बांधून दोरीवर टांगायची, की लोकर सरळ. मग गुंडे. मग बॉर्डर दहा नंबरच्या सुईवर, अंग आठ नंबरच्या. सुलट, उलट, सुलट, उलट. पंचायत एवढीच की पोरगं दर वर्षी वाढतं आणि लोकर तेवढीच राहते. म्हणून मधे दुसऱ्या रंगाचे पट्टे यायचे. आमच्या पिढीच्या फोटोंत पट्ट्यापट्ट्यांचे स्वेटर फार दिसतात. ती फॅशन होती असं आमच्या नातीला वाटतं.

वडील घरखर्चाची वही लिहीत. ती आमच्याकडे आहे. 'लोकर, बारा औंस' अशी नोंद आहे, पुढे रक्कम आहे. विणायला लागलेले दीड महिने कुठेच नाहीत. वडिलांना दोष देत नाही. त्यांनी ते लिहिले असते तर आईच हसली असती. ती म्हणायची, "विणणं म्हणजे काय काम आहे का? बसल्या बसल्या होतं." दूध उतू जाऊ नये म्हणून राखण करताना, आमचे पाढे ऐकताना, शेजारणीशी बोलताना होतं. आम्हीही ते खरं मानलं. तत्त्वज्ञानात श्रम आणि मूल्य यांवर कितीतरी वाचलं, मार्क्स शिकवला, आणि अंगातल्या स्वेटरकडे बघितलं नाही. किंग्जलीची पुस्तिका वाचली तेव्हा लंडनच्या शिंप्यांबद्दल जीव तुटला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर आई नातवासाठी टाके घालत बसली होती. आम्ही तिला चहा मागितला.

आता १९६२. आम्ही बारा वर्षांचे होतो. २० ऑक्टोबरला चिनी सैन्य नामका चू नदी ओलांडून आलं. तिथे दहा हजार फुटांच्या वर आपले जवान सुती गणवेशात होते. गरम कपडे पुरेसे नाहीत, पायांत कॅनव्हासचे बूट. त्या आघाडीवरच्या सातव्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर दळवी शत्रूच्या कैदेत पडले. सुटून आल्यावर त्यांनी 'हिमालयन ब्लंडर' हे पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं आहे. आम्ही ते कॉलेजात असताना वाचलं. पण बारा वर्षांच्या वयात एवढंच कळलं होतं की जवानांना थंडी वाजते आहे आणि देशभर बायका त्यांच्यासाठी स्वेटर विणताहेत. आमच्या वाड्यातही. एरवी दुपारी एकमेकींचं पाणी भरण्यावरून भांडणाऱ्या बायका ओसरीवर एका रांगेत बसून विणत होत्या. मातकट हिरवी लोकर. माप कुणाचं घ्यायचं, जवान तर समोर नाही. म्हणून आमच्या थोरल्या भावाला उभं करत आणि चार बोटं जास्त धरत.

आई रात्रीही विणे, कंदील जवळ घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं तिने आपल्या विणण्याला काम म्हटलं ते त्या महिन्यात. आम्ही काही मागायला गेलो तर म्हणे, "थांब, काम करत्येय."

लढाई एक महिना चालली. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी केली. त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हाचं. पुढच्या वर्षी आमच्या नाशिकमधूनच ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. आईचा स्वेटर शस्त्रसंधीच्या दिवशी बगलेपर्यंत आला होता. अण्णा म्हणाले, आता थांबलीस तरी चालेल. ती थांबली नाही. डिसेंबरात पुरा करून दिला. अण्णांना म्हणाली, "लढाई थांबली, थंडी थांबली का?"

त्या वेळच्या उत्साहाची आज थट्टा होते, आणि थोडी व्हावीही. सरकारने पुरवायची वस्तू बायकांनी दिव्याखाली बसून पुरवावी यात कौतुकापेक्षा लाजेचा भाग मोठा आहे, असं आमचं मत आहे. पण त्या लाजेचे धनी ओसरीवर बसलेले नव्हते.

त्याच सरहद्दीवरून आणखी एक गोष्ट आपल्या गावांत आली. १९५९ मध्ये तिबेटी निर्वासित भारतात आले. आपल्या महाराष्ट्रातही त्यांची वसाहत आहे, गोंदिया जिल्ह्यात, नोर्ग्येलिंग नावाची. दिवाळी झाली की पुण्यात, नाशिकमध्ये, नागपुरात फुटपाथवर तिबेटी कुटुंबांची स्वेटरची दुकानं लागू लागली. लोकांनी समजून घेतलं की डोंगरातली माणसं, म्हणजे यांनी स्वतःच विणलेले असणार. प्रत्यक्षात बहुतेक माल लुधियानाचा. व्यापाऱ्याकडून उधारीवर उचलायचा, दोन-तीन महिने परगावी विकायचा, संक्रांतीच्या सुमाराला हिशेब चुकता करायचा. एकदा आम्ही एका तिबेटी आजींना विचारलं, हा हातचा आहे का? त्या चांगल्या मराठीत म्हणाल्या, "मशीनचा आहे. हातचा तुम्हाला परवडणार नाही." इतका नेमका अर्थशास्त्राचा पाठ आम्हाला कुठल्या परिसंवादात मिळालेला नाही. लुधियानात मशीनवर कोण बसतं, किती तास बसतं, हे मात्र आम्ही त्यांनाही विचारलं नाही आणि स्वतःलाही.

हळूहळू लोकरही गेली. कॅशमिलॉन आलं, ॲक्रिलिक आलं. दुकानात आजही 'लोकर द्या' म्हटलं की तेच काढून देतात. मेंढीचा एक केस नसलेली लोकर, आणि घामाचा थेंब नसलेला स्वेटर. शब्द बिचारे चालत राहतात.

आईचा विणलेला शेवटचा स्वेटर आमच्याकडे आहे, राखाडी, व्ही गळ्याचा. गेल्या वर्षी कपाटातून काढला तर कसरीने पाठीवर तीन भोकं पाडलेली. उसवून पुन्हा विणावा म्हटलं, तर घरात विणायला कोणाला येत नाही. सुयांपैकी दहा नंबरची एक शिल्लक आहे, स्वयंपाकघरातल्या खणात. केक शिजला का ते सूनबाई तिने बघतात. सुई कोरडी बाहेर आली की झाला.