मैदान कोणाचे?

आयर्लंड म्हटले की आपल्यासमोर येट्स, सिंज, जॉइस, बेकेट ही नावे उभी राहतात. साहित्याच्या वर्गातून आपल्याला झालेली या देशाची ओळख कवितेची आणि रंगभूमीची आहे. तीत फुटबॉलला जागा नाही. तरीही आमच्या विषयाची सुरुवात एका साहित्यिकापासूनच करावी लागते. १३ नोव्हेंबर १९३८ रोजी डब्लिनच्या डॅलिमाउंट पार्कवर आयर्लंड आणि पोलंड यांच्यात फुटबॉलचा सामना झाला. तो पाहायला डग्लस हाइड उपस्थित होते. गेलिक लीगचे संस्थापक, कॉनाक्टच्या प्रेमगीतांचे संग्राहक-अनुवादक आणि त्याच वर्षी झालेले देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, ते हे हाइड. देशी खेळांच्या जोपासनेसाठी १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनचे ते आश्रयदाते होते. त्या संस्थेच्या नियमांत फुटबॉल हा 'परकीय' खेळ; तो खेळणे तर सोडाच, पाहणेही निषिद्ध. हाइड यांचे आश्रयदातेपद काढून घेण्यात आले. ज्याने आयरिश भाषेला नवे जीवन देण्यासाठी हयात वेचली, तो एका दुपारपुरता परका ठरला. ही बंदी १९७१ पर्यंत टिकून होती.

हा प्रसंग गमतीदार वाटेल, पण त्याचे परिणाम दूरगामी आहेत. गेलिक खेळ पॅरिश-पॅरिशमध्ये रुजले आणि त्यांची मैदाने बहुतांशी संघटनेच्याच मालकीची राहिली. ती विकून नफा कमवावा असा मालकच तेथे नव्हता. फुटबॉल मात्र शहरांतला, बंदरालगतच्या कामगार वस्त्यांतला खेळ. १९२१ साली 'लीग ऑफ आयर्लंड' सुरू झाली तेव्हा तिच्यातले आठही क्लब डब्लिन परिसरातले होते. या खेळाला ना राष्ट्रभावनेचे छत्र मिळाले, ना संघटनेच्या जमिनीचा आधार. क्लब बहुधा एखाद्या कुटुंबाच्या वा कंपनीच्या हाती असे आणि मैदान भाडेपट्ट्यावर. गर्दी होती तोवर ही व्यवस्था कोणाला खुपली नाही. ओसरल्यावर मात्र मैदान कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला.

शॅमरॉक रोव्हर्स हा क्लब या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. रिंग्जएंड या बंदरानजीकच्या वस्तीत तो जन्मला आणि १९२६ पासून मिलटाउन येथील ग्लेनमाल्यूर पार्कवर स्थिरावला. जमीन जेझुइट धर्मसंघाची, क्लब कनिंगहॅम कुटुंबाचा. त्या काळी देशांतर्गत फुटबॉलला लोटणारी गर्दी आज अविश्वसनीय वाटते. १९४५ साली रोव्हर्स आणि बोहेमियन्स यांच्यातील चषकाचा अंतिम सामना पाहायला चाळीस हजारांहून अधिक लोक डॅलिमाउंटवर आले होते. १९६८ च्या अंतिम सामन्यालाही सुमारे ३९ हजार प्रेक्षक होते.

मग ही माणसे गेली कुठे? एकच एक कारण देता येत नाही. चांगले खेळाडू पूर्वीपासूनच इंग्लंडला जात असत. १९६४ पासून बीबीसीवर इंग्लिश सामन्यांची क्षणचित्रे दिसू लागली आणि प्रेक्षकाचे मनही त्यांच्यामागे समुद्र ओलांडून गेले. पूर्व किनाऱ्यावरील घरांत ब्रिटिश वाहिन्या सहज पोहोचत. शनिवारी रात्री दिवाणखान्यात लीड्स किंवा मँचेस्टर पाहिलेल्या माणसाला रविवारी गळक्या छपराखाली उभे राहून आपल्या पेठेतला संघ पाहणे नकोसे वाटू लागले. गर्दी घटली म्हणून पैसा घटला, पैसा घटला म्हणून मैदानाची डागडुजी थांबली आणि मैदान मोडकळीला आले म्हणून गर्दी आणखी घटली. १९७७ साली जॉनी जाइल्स हे मोठे नाव खेळाडू-व्यवस्थापक म्हणून रोव्हर्सकडे आले. पूर्णवेळ व्यावसायिक संघ उभारून हे चक्र मोडायचे, अशी त्यांची मनीषा होती. १९७८ चा चषक हाती आला, परंतु गर्दी परत आली नाही.

१९७२ पासून क्लब किलकॉइन बंधूंच्या ताब्यात होता. १९८३-८४ ते १९८६-८७ अशी लागोपाठ चार विजेतेपदे रोव्हर्सने पटकावली आणि नेमक्या त्या शिखरावर असताना मालकांनी मिलटाउन सोडून टोल्का पार्कवर जाण्याचे जाहीर केले. तिकीटखिडकीवरचा गल्ला खर्चाला पुरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हिशेबाच्या दृष्टीने ते अगदी निराधार म्हणता येणार नाही. परंतु जमीन त्यांनी जेझुइटांकडून आधीच विकत घेतली होती आणि दक्षिण डब्लिनमधील त्या जमिनीला घरबांधणीसाठी उत्तम भाव होता. १२ एप्रिल १९८७ रोजी स्लायगो रोव्हर्सविरुद्ध तेथे अखेरचा सामना झाला. मध्यंतरात निषेध करणारे प्रेक्षक मैदानात उतरले.

त्यानंतर जे घडले ते या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगे पर्व आहे. समर्थकांनी 'रोव्हर्सला मिलटाउनमध्येच ठेवा' अशी मोहीम उभारली आणि आपल्याच संघाच्या टोल्का पार्कवरील सामन्यांवर बहिष्कार घातला. आवडत्या संघाचा सामना चालू असताना प्रवेशद्वाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने कशावर तरी जीव लावला आहे त्यालाच उमगेल. जी अनुपस्थिती क्लबचे दुखणे होती, तीच आता निष्ठेचे हत्यार झाली. बहिष्कार यशस्वी झाला. १९८८ साली मालकांनी क्लब सोडला. पण मैदान वाचले नाही. विकसकाच्या किमतीशी वर्गणीची बरोबरी होऊ शकली नाही. जमिनीवर घरे उभी राहिली आणि १९९८ साली तेथे एक स्मारक बसवण्यात आले.

पुढली बावीस वर्षे रोव्हर्स बिऱ्हाडे बदलत राहिले. टाला या उपनगरात नवे स्टेडियम बांधण्याची योजना १९९६ साली जाहीर झाली, २००० साली काम सुरू झाले आणि पैशाअभावी थांबले. अर्धवट गॅलरीचा सांगाडा वर्षानुवर्षे तसाच उभा होता. २००५ साली कर्जबाजारी क्लब न्यायालयाच्या देखरेखीखाली गेला. लीगने त्याचे आठ गुण कापले आणि इतिहासात प्रथमच त्याची खालच्या श्रेणीत घसरण झाली. ज्या डब्लिन सिटी संघाकडून त्या निर्णायक लढतीत पराभव झाला, तो क्लब पुढच्याच वर्षी बंद पडला, यावरून या लीगमधील विजयाची किंमत लक्षात यावी. रोव्हर्स मात्र वाचले, कारण दरमहा वर्गणी देणाऱ्या समर्थकांच्या '४०० क्लब' या गटाने तो ताब्यात घेतला.

टालाचे अपुरे बांधकाम आता दक्षिण डब्लिन परगणा परिषदेने हाती घेतले. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या मैदानात गेलिक खेळही व्हावेत, त्याकरिता ते मोठे असावे, अशी मागणी घेऊन एक स्थानिक गेलिक क्लब उच्च न्यायालयात गेला. त्या क्लबचे नाव थॉमस डेव्हिस, म्हणजे एकोणिसाव्या शतकात 'यंग आयर्लंड' चळवळीला शब्द देणाऱ्या कवीचे नाव! हाइड यांच्या प्रसंगाला सत्तर वर्षे होत आली होती. पण सार्वजनिक पैशावर कोणत्या खेळाचा हक्क, हा वाद मिटला नव्हता. डिसेंबर २००७ मध्ये न्यायालयाने मागणी फेटाळली आणि १३ मार्च २००९ रोजी स्लायगो रोव्हर्सविरुद्धच टालाचे दरवाजे उघडले. ज्या पाहुण्यांसमोर घर सुटले, त्यांच्याच साक्षीने नवे मिळाले.

येथे थांबलो तर ही 'मालक वाईट, समर्थक चांगले' अशी सोपी नीतिकथा होईल. बोहेमियन्सचा इतिहास तसे होऊ देत नाही. हा क्लब १८९० पासून सभासदांचाच आहे. पण जमिनींचे भाव गगनाला भिडले असताना, २००६ साली, याच सभासदांनी डॅलिमाउंट विकसकाला विकण्याच्या बाजूने मत दिले. येणाऱ्या पैशाच्या भरवशावर खर्च झाला, २००८ आणि २००९ ची विजेतेपदे आली, मंदी आली आणि व्यवहार कोसळला. अखेर २०१५ साली डब्लिन महापालिकेने ३८ लाख युरोंना मैदान घेतले म्हणून ते टिकले. कॉर्क सिटी २०१० साली समर्थकांच्या न्यासाने राखेतून उभा केला. २०१७ साली त्याने लीग आणि चषक दोन्ही जिंकले. पुढे आर्थिक ओझे पेलेना म्हणून त्याच समर्थकांनी तो खासगी मालकाच्या हाती दिला. खुद्द रोव्हर्सचे सभासदही २०१९ पासून निम्म्या हिश्शाचेच धनी आहेत. उरलेला हिस्सा दोन गुंतवणूकदारांकडे आहे.

तेव्हा समर्थकांची मालकी हा रामबाण उपाय नव्हे. तिने एकच गोष्ट साधली असे आम्हांस वाटते. क्लब विकायचा की राखायचा, या निर्णयाची जबाबदारी तिने त्यावर जीव लावणाऱ्यांच्या पदरात टाकली. चूक झाली तरी ती त्यांची स्वतःची चूक असते. आणि गर्दी? फेब्रुवारी २०२५ मध्ये डब्लिनच्या अवीवा स्टेडियमवर बोहेमियन्स-रोव्हर्स सामन्याला ३३,२०८ प्रेक्षक आले; लीगच्या इतिहासातला तो विक्रम ठरला. त्यांतल्या तरुणांपैकी कोणी मिलटाउन पाहिलेले नाही. ज्यांनी पाहिले होते, ते १९८७ साली टोल्का पार्कबाहेर उभे राहिले आणि आत गेले नाहीत. त्या रिकाम्या बाकांचा हिशेब कोणत्याही गल्ल्यात सापडणार नाही; या क्लबच्या इतिहासात मात्र तो सर्वांत आधी मांडावा लागेल.