सोमवार, सायंकाळी 5.30

रविवार, 2 डिसेंबर 2012, सकाळ
नेदरलँड्समधलं अल्मेरे शहर. बाउटनबॉइज क्लबच्या मैदानावर 15-16 वर्षांच्या मुलांचा फुटबॉल सामना. पाहुणा संघ अॅमस्टरडॅमचा, न्यू स्लोटन. लाइन्समन 41 वर्षांचा स्वयंसेवक. त्याचा मुलगा यजमान संघात. तिथल्या हौशी फुटबॉलची रीतच अशी, की झेंडी क्लबच्याच माणसाच्या हाती. त्यामुळे दर ऑफसाइडला संशयाला जागा.

सामना सुरू
झेंडीवरून पाहुण्यांची कुरबुर चालू होते. लाइन्समनकडे ना शिट्टी, ना कार्ड. तो खूण करणार. ताकीद देणं, बाहेर काढणं, सामना थांबवणं रेफरीच्या हातात. सामना शेवटपर्यंत खेळवला जातो.

शेवटची शिट्टी
नियमानुसार मैदान सोडेपर्यंत रेफरीचा अधिकार संपत नाही. कार्ड अजूनही दाखवता येतं. पाहुण्या संघातली काही मुलं लाइन्समनच्या अंगावर धावून जातात. त्याला पाडतात. लाथा डोक्यावर, मानेवर. मारणाऱ्यांत एक मोठा माणूसही आहे. एका खेळाडूचा बाप, सामना बघायला आलेला.

मारहाणीनंतर
लाइन्समन उठतो. स्वतःच्या पायांनी चालतो. घरी जातो, जरा पडतो.

दुपार
दुसरा सामना बघायला तो पुन्हा क्लबवर येतो आणि तिथेच कोसळतो. मारहाणीला काही तास होऊन गेलेत. मेंदूला रक्त पुरवणारी मानेतली धमनी फाटल्याचं शवविच्छेदनात निघेल. त्याला रुग्णालयात हलवतात. सोमवारचे साडेपाच वाजायला अजून 24 तासांहून जास्त वेळ आहे.

रात्र
न्यूवेखाइनचं रुग्णालय. तो शुद्धीवर येत नाही.

सोमवार, 3 डिसेंबर, सायंकाळी 5.30
मृत्यू.

8 आणि 9 डिसेंबर
डच फुटबॉल महासंघ देशभरातले हौशी सामने रद्द करतो. सुमारे 33 हजार. रविवारी अल्मेरेत मूक मोर्चा निघतो. हजारो लोक चालतात.

17 जून 2013
न्यायालय सात जणांना दोषी ठरवतं. सहा अल्पवयीन खेळाडू : पाच जणांना दोन वर्षं, एकाला एक वर्ष. सातव्याला सगळ्यांत मोठी शिक्षा, सहा वर्षं. तो खेळाडू नव्हता. रेषेबाहेर उभा असलेला बाप होता.