मस्तिष्क अर्बुदे, मारक : जनुकीय बदलांच्या संशोधनाचा इतिहास

मेंदूतील तंत्रिकांना आधार देणाऱ्या कोशिकांपासून उद्भवणाऱ्या अर्बुदांना (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे होणाऱ्या गाठींना) ग्लायोमा म्हणतात. पर्सिव्हल बेली व हार्व्ही कुशिंग यांनी १९२६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या कोशिकांच्या स्वरूपावरून त्यांचे वर्गीकरण केले. तथापि सारखीच दिसणारी अर्बुदे असलेले रुग्ण कमीअधिक काळ का जगतात, याचा उलगडा त्यावरून होत नव्हता.

यांतील सर्वांत मारक अशा ग्लायोब्लास्टोमामध्ये वाढीचा संदेश ग्रहण करणाऱ्या प्रथिनाच्या ईजीएफआर या जनुकाच्या प्रती पुष्कळदा अनेकपट झालेल्या असतात, असे १९८५ मध्ये दिसून आले. २००८ मध्ये २२ अर्बुदांतील २०,६६१ जनुकांचे परीक्षण करण्यात आले, तेव्हा काहींत आयडीएच-१ या जनुकाचे उत्परिवर्तन (रचनेतील बदल) आढळले. असे बदल बहुधा आनुवंशिक नसून अर्बुदाच्या कोशिकांतच उद्भवतात. २००९ मधील एका अभ्यासात आयडीएच जनुकांचे उत्परिवर्तन असलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांचा मध्यक जीवितकाल ३१ महिने, तर इतरांचा १५ महिने आढळला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये जनुकीय बदलांना वर्गीकरणात स्थान दिले. २०२१ पासून आयडीएच उत्परिवर्तन असलेल्या अर्बुदास ग्लायोब्लास्टोमा म्हणत नाहीत. बदललेल्या आयडीएच एंझाइमांना रोधणाऱ्या व्होरासिडेनिब या औषधास अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. परंतु ती कमी मारक ग्लायोमांपुरतीच आहे. ग्लायोब्लास्टोमाचे जनुकीय स्वरूप बरेच उलगडले असले, तरी तो समूळ बरा करणारा उपचार अद्याप उपलब्ध नाही.