एका विणकराने किती माग सांभाळावेत?

मुंबईच्या गिरणी संपांविषयी वाचताना माझं लक्ष नेहमी एका साध्या आकड्यापाशी थांबतं: एका विणकराकडे माग किती?

1928 साली एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईतल्या बहुतेक गिरण्या बंद होत्या. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर होते. संपामागच्या मोठ्या कारणांपैकी एक हा आकडाच होता. मालकांना एका विणकराकडे दोनऐवजी तीन माग द्यायचे होते. या योजनेला भारदस्त नाव होतं, ‘रॅशनलायझेशन’. कामगाराच्या बाजूने हिशेब सरळ होता. सहा मागांवर आधी तिघे लागत, आता दोघे पुरणार. मग तिसऱ्याने कुठे जायचं?

पाव शतकानंतर हाच प्रश्न अहमदाबादला वेगळ्या रूपात आला. कॅलिको मिलमध्ये 1952 साली स्वयंचलित माग बसवले होते. एका शेडमध्ये 224 माग, 29 माणसं आणि 12 प्रकारची कामं. प्रत्येक कामाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं होतं आणि त्यावरून माणसं नेमली होती. कागदावर सगळं चोख. तरी उत्पादन अपेक्षेइतकं वाढेना आणि खराब कापडही फार निघे.

1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तिथे आले. त्यांनी कोण किती वेगाने काम करतो यापेक्षा कोण कोणावर अवलंबून आहे हे पाहिलं. विणकर तुटलेला धागा सांधायचा. दुसरा माणूस बॅटरी भरायचा. ही बॅटरी विजेची नव्हे. बाण्याच्या भरलेल्या कांड्या मागावर जिथे ठेवतात तिला बॅटरी म्हणतात. ताण्याचे पुष्कळ धागे एकदम तुटले, तर तो गुंता सोडवायला तिसरा. शिवाय जॉबर, तेल घालणारा, कापड वाहणारा, झाडणारा.

गोम अशी होती की प्रत्येकाच्या वाट्याचे माग वेगवेगळे होते. विणकराकडे जितके, त्याहून जास्त बॅटरी भरणाऱ्याकडे, आणि गुंता सोडवणाऱ्याकडे आणखी जास्त. सूत कच्चं आलं, हवा कोरडी झाली की धागे भराभर तुटायचे. विणकर मदतीची वाट बघत उभा आणि मदतनीस दुसऱ्याच विणकराच्या मागांत अडकलेला. माग अडला तर जबाबदार कोण, हे सांगता येत नसे. लहानसहान गोष्टीसाठीही वरच्या माणसाला धावावं लागे.

राइस यांनी सुचवलं की एका छोट्या गटाकडे ठरावीक माग द्यावेत, आणि त्या मागांची सगळी कामं त्या गटानेच करावीत. पुढचा भाग मला सर्वांत आवडतो. वरिष्ठांचा तपशील कागदावर पुरा होण्याआधीच कामगारांनी कल्पना उचलली आणि कोण कोणाबरोबर काम करणार ते आपसात ठरवून टाकलं. सुरुवातीला चढउतार झाले, पण पुढे उत्पादन वाढलं आणि खराब कापड घटलं.

1970 मध्ये राइस यांचे सहकारी एरिक मिलर तिथे पुन्हा पाहणीसाठी गेले. एका शेडमध्ये गटपद्धत बऱ्याच अंशी टिकून होती, इतरत्र विरली होती. आणि 1928 चा प्रश्नही तिने सोडवला नव्हता. 224 मागांवर 29 माणसं, म्हणजे माणशी जवळपास आठ माग. घरी जाणारा तिसरा माणूस या प्रयोगात कुठेच दिसत नाही.

तरी मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. आज आपल्या फोनवर जेवण किती मिनिटांत येईल ते ॲप सांगतं. त्या मिनिटांत हॉटेलबाहेर ताटकळणं, वॉचमनकडची नोंद, बंद लिफ्ट हे धरलेलं असतं का? हे ज्याला ठाऊक आहे तो दारात पिशवी घेऊन उभा असतो. कॅलिकोतल्या कामगारांना निदान आपली वाटणी आपण करायला मिळाली होती.