बाटलीवरच्या मतदानाचा मागोवा

नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या डोंगरकड्यात एखाद्या बाईला गावातले देशी दारूचे दुकान बंद करायचे असेल, तर कायद्याने तिला आज वाट दिली आहे. गावातल्या निदान 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या जमवायच्या आणि अर्ज द्यायचा. उत्पादन शुल्क खाते सह्या पडताळून पाहते, मग गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर उमेदवार नसतात, दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. 25 मार्च 2008च्या आदेशाने ही रीत पक्की झाली. पण ती मंत्रालयात जन्मली नाही.

मराठवाड्यापुरते पाहायचे तर निजामाच्या अमलापर्यंत मागे जावे लागते. अबकारी हे संस्थानाचे मोठे उत्पन्न होते. दारू-शिंदीचे गुत्ते लिलावात जात आणि गुत्तेदार बोलीची रक्कम गावाच्या घशातून वसूल करी. म्हणून हैदराबाद मुक्तिलढ्यात कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडली. घाव बुंध्यावर पडत होता, रोख निजामाच्या खजिन्यावर होता. पिणाऱ्याच्या घरात काय चालले आहे, हा प्रश्न त्या लढ्याच्या केंद्रस्थानी नव्हता.

तो बायकांनी आणला. 1972-73 साली शहादा भागात श्रमिक संघटनेच्या चळवळीतल्या आदिवासी बायका नवऱ्यांच्या मारहाणीबद्दल उघड बोलू लागल्या आणि मग जथ्याने गुत्त्यांवर चालून गेल्या. दारूची मडकी फुटली. जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभ्या राहिलेल्या चळवळीला घरातल्या मारहाणीकडे वळवणे सोपे नव्हते, ते त्यांनी केले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासह अनेकांनी 1980च्या दशकाअखेर दारूमुक्तीची मोहीम उभी केली, गावोगावी ठराव झाले आणि 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी आली. फोडलेल्या मडक्याचा ठराव झाला, ठरावाची मतपत्रिका झाली.

या मतपत्रिकेत मला एक अन्याय दिसतो. दुकान बंद व्हायला झालेल्या मतांपैकी निम्मी मते पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावे लागते. समजा, यादीत 1000 बायका आहेत. मतदानाला 600 आल्या, 480 जणींनी आडवी बाटली निवडली, 120 जणींनी उभी. चौपट मते मिळूनही दुकान चालूच राहणार, कारण 501 हवीत. दिवाळीनंतर तांडे ऊसतोडीला निघतात. कोयता घेऊन परजिल्ह्यात गेलेली बाई न बोलता दुकानाच्या बाजूने मोजली जाते. आमदार निवडताना आपण असा हिशेब लावत नाही.

दुसरी उणीव याहून खोल आहे. हे मतदान परवान्याबद्दल बोलते, माणसाबद्दल बोलत नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, काहींना झटके येतात. वेळेत डॉक्टर भेटला नाही तर जीवही जाऊ शकतो. दुकानाला कुलूप लागलेल्या गावात त्या रात्री त्याला कुठे न्यायचे, हे त्या आदेशात नाही. शहरांतही उपचाराची वाट आधी माणसांनीच काढली. पुण्यात गर्दच्या विळख्यात सापडलेली मुले पाहून डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्यासाठी देणगी दिली.

या दोन्ही वाटा एकत्र आणण्याचा प्रयत्न पुन्हा गडचिरोलीतच झाला. 2016 साली सरकार, बंग दांपत्याची ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी ‘मुक्तिपथ’ सुरू केले. गावात संघटना, गावाचा निर्णय आणि जोडीला तालुक्याच्या ठिकाणी व्यसनउपचार क्लिनिक. डोंगरकड्याची ग्रामपंचायत एवढे सगळे एकटी करू शकत नाही. पण आडव्या बाटलीचे मतदान जाहीर होते त्याच दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात व्यसनउपचाराची ओपीडी आणि दोन खाटा मागणारा ठराव ग्रामसभेत घेता येतो. निकाल प्रत्यक्ष पडलेल्या मतांवर ठरावा, ही मागणीही त्याच ठरावात घालावी.