राहण्याचा पुरावा : मुंबईकर प्रवाशाच्या एका कागदाचा इतिहास

परदेशात उतरल्यावर आपण कुठे राहणार, हे प्रवाशाने इमिग्रेशन अधिकाऱ्याला कागदानिशी दाखवायचे असते. तो कागद हॉटेलचे बुकिंग असेल, नातेवाइकाचे निमंत्रणपत्र असेल, वसतिगृहाची चिठ्ठी असेल किंवा नोकरीच्या करारातले एखादे कलम. विचारणाऱ्याला खोलीशी फारसे कर्तव्य नसते. या माणसाचा भार आपल्यावर पडणार नाही आणि गरज पडली तर तो सापडेल, एवढी हमी त्याला हवी असते. म्हणजे हा कागद मुळात जामिनाच्या घराण्यातला. मुंबईपुरते पाहिले तर तो आधी गरिबांकडे मागितला गेला, मग शिकलेल्यांकडे, आणि गिरगाव-दादरच्या हौशी पर्यटकाकडे सगळ्यांत शेवटी.

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून परदेशी जाणाऱ्यांत हाजच्या यात्रेकरूंची संख्या मोठी होती. देशभरातून ते इथे येत आणि बोट मिळेपर्यंत मुसाफिरखान्यांत दिवस काढत. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हे या व्यवस्थेचे पुढच्या काळातले ठळक ठिकाण. अनेकांकडे जाण्यापुरतेच पैसे असत. परतीचे पैसे संपलेले यात्रेकरू जेद्दाहला अडकून पडत आणि त्यांना सरकारी खर्चाने परत आणावे लागे. हा खर्च कोणी सोसायचा, यावर सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षे कागद रंगले. १८८६ मध्ये यात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे दिली गेली, पण १८९३ पर्यंत तो प्रयोग आटोपला. पुढे १९२५ च्या दुरुस्ती कायद्याने यात्रेकरूने परतीचे तिकीट काढावे किंवा तेवढी रक्कम अनामत ठेवावी, असे बंधन आले.

राहण्याचे काय, हा प्रश्न मात्र पलीकडच्या किनाऱ्यावर विचारला जाई, आणि त्याचे उत्तर म्हणजे घराचा पत्ता नव्हे, माणसाचे नाव असे. जेद्दाहला उतरलेल्या यात्रेकरूने आपला मुअल्लिम कोण ते सांगायचे. मक्केतली खोली, उंट आणि वाटाड्या या सगळ्याची जबाबदारी त्या मुअल्लिमाची. खोलीपेक्षा उत्तरदायी माणूस महत्त्वाचा, ही कल्पना इथे अगदी उघड दिसते. मुंबईहून बोटीने होणारी हाज यात्रा १९९५ मध्ये थांबली. तोवर मक्का-मदिनेतल्या इमारती भाड्याने घेण्याचे काम हाज कमिटीकडे आले होते. सीएसएमटीजवळच्या हाज हाऊसमधून चालणाऱ्या या कारभारात निवासाचा करार हा यात्रेच्या कागदपत्रांचाच भाग झाला.

पत्त्याची सक्ती मुंबईकराने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अनुभवली ती मात्र देशातच. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि शहर रिकामे होऊ लागले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, त्या वर्षी मुंबईहून हाजला जाणेही बंद झाले. मद्रास इलाख्याने तर प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्यांना 'प्लेग पासपोर्ट' द्यायला सुरुवात केली. त्यावर नाव-गावाबरोबर मुक्कामाचा पत्ता लिहिलेला असे, आणि प्रवाशाने दहा दिवस स्थानिक अधिकाऱ्यापुढे हजेरी द्यायची. सीमा ओलांडायची नाही, देश एकच, राजवटही एकच, तरीही कुठे उतरणार ते लेखी द्यायचे आणि तिथेच सापडायचे. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये १८९९ पासून डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा होती. तिथली लस टोचून घेतल्याचा दाखला जवळ असला की या जाचातून काही सवलत मिळे. कोविडच्या काळात पत्ता आणि लस यांची जी सांगड घातली गेली, ती अशी सव्वाशे वर्षे जुनी.

परक्या माणसाचा भार कोणावर पडणार, हा विचार अमेरिकेने आपल्या बंदरांवर कायद्यात आणला. सरकारवर भार होईल अशा माणसाला उतरू द्यायचे नाही, हे तत्त्व तिथल्या १८८२ च्या कायद्यात आले. पुढच्याच वर्षी, जून १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघून न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्याकडे व्हिसा नव्हता, कारण तो प्रकारच रूढ झालेला नव्हता. होती ती न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराची शिदोरी. आजच्या भाषेत ते निमंत्रणपत्रच. १८९१ च्या कायद्याने नाकारलेला प्रवासी परत नेण्याचा खर्च बोट कंपनीच्या माथी मारला आणि १८९३ पासून प्रवाशांच्या यादीत, कोणाकडे निघालात, त्याचे नाव काय, पत्ता काय, हे रकाने सक्तीचे झाले. इमिग्रेशन अधिकाऱ्याचा प्रश्न तिकीट विकणारा कारकून विचारू लागला, तो तेव्हापासून. धंद्यात खोट येणार म्हटल्यावर कंपन्या सरकारपेक्षा कडक होतात, हे पुढेही दिसले.

परळच्या बीआयटी चाळीत ज्यांचे कुटुंब राहत होते ते भीमराव आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले तेव्हा त्यांच्या पाठीशी बडोदा सरकारची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये त्यांनी पहिला मुक्काम केला, पण तिथले जेवण मानवेना म्हणून थोड्याच दिवसांत तो सोडला. नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हे त्यांचे सहनिवासी झाले. अशा विद्यार्थ्याला वेगळा निवासाचा दाखला लागत नसे. संस्थान आणि विद्यापीठ हेच दोन जामीन.

लंडनला जाणाऱ्याची अडचण वेगळी होती. हिंदी माणूस ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन, त्यामुळे त्याला दारात कोणी अडवत नसे. पण खोली देणाऱ्या घरमालकिणी रंग पाहून दार लावत. श्यामजी कृष्णवर्मा यांनी जुलै १९०५ मध्ये हायगेटला इंडिया हाऊस उघडले ते या गरजेतूनही. पंचवीसेक विद्यार्थ्यांची सोय असलेल्या या घरात १९०६ मध्ये विनायक सावरकर राहायला गेले. त्या घराचे राजकारण वाढले तशी सरकारलाही विद्यार्थ्यांच्या निवासाची काळजी वाटू लागली, आणि १९१० पासून क्रॉमवेल रोडवर सरकारी देखरेखीखालचे निवासस्थान आले. ही काळजी निव्वळ मायेची होती असे मानायला जागा नाही.

पहिल्या महायुद्धाने पासपोर्ट सक्तीचा केला. लोकमान्य टिळकांना त्याचा फटका बसला. १९१८ च्या एप्रिलमध्ये विलायतेला निघालेले टिळक कोलंबोहून परत फिरवले गेले. त्याच वर्षी चिरोलविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी त्यांना परवानगी मिळाली, ती राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर. लंडनमध्ये १०, हॉवली प्लेस इथे ते राहिले. त्या घरावर आज त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. पासपोर्ट कोणाला द्यायचा हे सरकारच्या मर्जीवर राहिले, आणि १९६७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर व त्याच वर्षीच्या पासपोर्ट कायद्यानंतरच त्या मर्जीला चौकट आली.

स्वातंत्र्यानंतर राहण्याचा पुरावा आधी मुंबईतच द्यावा लागे, आणि तो परकीय सरकारला नव्हे तर रिझर्व्ह बँकेला. परकीय चलनाची टंचाई इतकी की सामान्य प्रवाशाला सोबत तीन पौंड किंवा आठ डॉलर एवढेच नेता येत. 'पी फॉर्म' मंजूर झाल्याखेरीज तिकीट हाती पडत नसे. तिकडचा खर्च कोण करणार, याला उत्तर एकच : तिकडचे यजमान. म्हणून काकाचे, मेहुण्याचे, जुन्या वर्गमित्राचे पत्र यायचे. पाहुणा माझ्या घरी राहील, जेवणखाण आणि फिरणे माझ्याकडे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे लागे. आठ डॉलरांत हॉटेलची एक रात्रही निघणे कठीण, तेव्हा हॉटेलचे बुकिंग कोण कशाला मागणार? परदेशी नातेवाईक असणे हीच त्या काळची पत होती. परळच्या केईएम रुग्णालयातून आणि १९२६ मध्ये सुरू झालेल्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून ब्रिटनला जाणारे डॉक्टर त्या मानाने सुखी. तिथल्या कनिष्ठ डॉक्टरांना रुग्णालयाच्या आवारातच राहावे लागे, त्यामुळे नेमणुकीचे पत्र तेच निवासाचे पत्र. आखाती देशांत जाणाऱ्या कामगाराच्या बाबतीत १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने हेच केले. मालकाने राहण्याची सोय करायची, तसे करारात लिहायचे आणि तो करार 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'च्या कचेरीत तपासला जायचा.

गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गाची खरी गाठ या कागदाशी पडली ती ऑक्टोबर १९८६ मध्ये, ब्रिटनने भारतीय पाहुण्यांना व्हिसा लावला तेव्हा. त्याआधी पाहुणा थेट हीथ्रोला उतरे. कुठे राहणार, किती दिवस, हे तिथेच विचारले जाई आणि शंका आली तर बाहेर ताटकळलेल्या यजमानालाही प्रश्न जात. आता ती उलटतपासणी मुंबईत आली. १९८७ च्या कायद्याने कागद अपुरे असलेल्या प्रवाशामागे विमान कंपनीला १,००० पौंड दंड लावला आणि सहार विमानतळाच्या चेक-इन काउंटरवरची नजरही बदलली.

ब्रिटनमधल्या नातलगाकडे कायमचे राहायला जायचे, तर घर केवढे आहे याचाही हिशेब द्यावा लागे, अजूनही लागतो. १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याचे कोष्टक असे : एक खोली दोन माणसांना, दोन खोल्या तिघांना, तीन खोल्या पाचांना, चार खोल्या साडेसात माणसांना. एक ते दहा वर्षांचे मूल अर्धे धरायचे, वर्षाच्या आतले धरायचेच नाही. ज्यांची अख्खी पिढी दहा बाय बाराच्या खोलीत, गॅलरीत अंथरूण टाकून वाढली, त्या लालबाग-परळच्या कुटुंबाला हे साडेसात माणसांचे गणित गमतीचे वाटले तर नवल नाही. गिरणगावात गावकी मंडळाच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांपुढे हे कोष्टक ठेवले असते, तर मुंबईत कोणालाच प्रवेश मिळाला नसता.

युरोपचा रस्ता मार्च १९९५ मध्ये शेंगेन व्यवस्था अमलात आल्यावर एका व्हिसाचा झाला. इकडे १९९१ नंतर चलनाचे निर्बंध सैल होत गेले, जून २००० मध्ये परकीय चलनाच्या 'फेरा' कायद्याची जागा 'फेमा'ने घेतली. पैसे नेता येऊ लागले आणि यजमानाची गरज उरली नाही. १९८४ मध्ये सुरू झालेल्या केसरीसारख्या मराठी सहल कंपन्यांनी ही कटकटच ग्राहकाच्या डोक्यावरून उतरवली. सगळ्या ग्रुपची हॉटेल व्हाउचर कंपनीच जोडून देई. कित्येकांना आपल्या फाइलमध्ये असा कागद होता हेही ठाऊक नसे.

स्वतःच्या स्वतः जाणाऱ्याला मात्र तो कळतो. एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शेंगेन व्हिसा संहितेत निवासाची कागदपत्रे, किंवा निवासाचा खर्च पेलण्याइतके पैसे असल्याचा पुरावा, स्पष्टपणे मागितला आहे. महालक्ष्मीला फेमस स्टुडिओच्या गल्लीतल्या, व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएसच्या काउंटरवर अनेक मुंबईकरांनी या फाइली दिल्या. २००१ मध्ये मुंबईतल्याच अमेरिकन वकिलातीच्या कामापासून सुरू झालेली ही कंपनी. फाइलमध्ये रात्र न् रात्र जुळावी लागते : पॅरिसच्या तीन, इंटरलाकेनच्या दोन, रोमच्या तीन. मधली एक रात्र ट्रेनमध्ये असेल तर ट्रेनचे तिकीट लावायचे. नावे पासपोर्टप्रमाणे हवीत, आणि बुकिंग एकाच्या नावावर असेल तर बायको-मुलांची नावे हॉटेलकडून घालून घ्यायची. फ्रान्समध्ये नातलगाकडे उतरायचे तर त्याने आपल्या नगरपालिकेतून शिक्का मारलेला दाखला आणायचा. जर्मनीत यजमान परदेशी नागरिक कचेरीत जाऊन खर्चाची लेखी हमी भरतो, आणि पाहुण्याने थकवले तर सरकार ती वसूलही करू शकते.

यातूनच एजंटांचे 'डमी बुकिंग' निघाले. फुकट रद्द होणारे हॉटेल घ्यायचे, व्हिसा मिळाला की सोडून द्यायचे. पुढे खरे बुकिंग केले तर फारसे बिघडत नाही. बनावट व्हाउचर सापडले तर मात्र नकार ठरलेला. शिवाय व्हिसा म्हणजे प्रवेशाची खात्री नव्हे. सीमेवरचा अधिकारी तोच कागद पुन्हा मागू शकतो.

हे ओझे एकतर्फी नाही. परदेशातून आलेला पाहुणा मुंबईतल्या हॉटेलात किंवा घरी उतरला तर उतरवून घेणाऱ्याने चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची असते. गिरगावातल्या घरी सुट्टीला आलेला अमेरिकन पासपोर्टवाला भाचाही या नियमाच्या कक्षेत येऊ शकतो, हे अनेक मामांच्या गावी नसते.

अलीकडे आग्नेय आशियातले काही देश व्हिसाच मागत नाहीत. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ती सूट दिली. पण पत्ता सुटलेला नाही. मे २०२५ पासून थायलंडचे आगमन कार्ड निघण्यापूर्वी ऑनलाइन भरावे लागते आणि त्यात मुक्कामाच्या ठिकाणाचा रकाना रिकामा सोडता येत नाही. नोकरीच्या आमिषाने म्यानमारच्या सीमेवरील ठगांच्या तळांवर तरुण अडकल्याचे उघड झाल्यापासून तर मुंबई विमानतळावरचा भारतीय अधिकारीही एकट्या निघालेल्या तरुणाला हॉटेलचे बुकिंग आणि परतीचे तिकीट दाखवायला सांगतो.