नेत्रपरीक्षेतील विचारपूस

डोळा तपासणे म्हणजे यंत्रातून आत पाहणे, अशी आता आपली समजूत झाली आहे. पण डोळ्याचा मागचा पडदा दाखविणारे यंत्र हेल्महोल्ट्झने जगापुढे ठेवले ते 1851 साली. त्यापूर्वीचा वैद्य काय करीत होता? सुश्रुताने नेत्ररोग 76 सांगितले आणि रोग जाणण्याचे उपाय सहा : पाच ज्ञानेंद्रिये व सहावा प्रश्न. यंत्र आले म्हणून हा सहावा उपाय बाद झाला, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्याच मुलखाकडे पाहू. आजचा सांगली जिल्हा 1949 पासून 1960 पर्यंत दक्षिण सातारा म्हणून ओळखला जात होता. त्यातील मिरजेस 1894 साली डॉ. वॉन्लेस यांनी मिशनचे रुग्णालय उघडले. मिरज पडली मराठी व कानडी मुलखांच्या शिवेवर. ‘दिसत नाही’ हे खुणेनेही सांगता येते. ‘कधीपासून’ हे विचारायला मात्र रोग्याची भाषा यावी लागते.

आणि सारे अडते ते तिथेच. वर्षावर्षाने अंधुक होत गेलेली नजर बहुधा मोतीबिंदूची. तिला थोडी सवड असते. एकाएकी गेलेल्या नजरेला ती नसते. दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील तर काचबिंदूचा संशय घ्यावा, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. पण आपल्याकडची जुनी माणसे तारीख कुठे सांगत? पाटणकडची म्हातारी म्हणे, “भूकंपाच्या आदी समदं दिसत हुतं.” हा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, कोयनेचा, हे विचारणाराला ठाऊक हवे. कुणी 1972 च्या दुष्काळावरून मोजी, कुणी 1948 च्या जळितावरून.

उसाच्या रानातली गोष्ट आणखी निराळी. पाते लागून बुबुळ खरचटते. तेवढ्यासाठी दवाखाना कोण गाठतो? आधी घरचा झाडपाला होतो, नाहीतर दुसऱ्या कुणाची उरलेली थेंबांची बाटली. त्या थेंबांत स्टेरॉइड असले आणि पात्याबरोबर बुरशी आत गेलेली असली, तर बुबुळाची खैर नाही. रोगी पात्याचे सांगतो, औषधाचे गिळतो. म्हणून ‘काय लागले?’ याच्यामागोमाग ‘काय घातले?’ हेही विचारावे लागते, आणि तेही आवाज न चढविता. आवाज चढला की उत्तर ठरलेले : “काही नाही.”